झेरॉक्स मशीनचा धर्मबाप

वायरापुंकूची खिंड एकट्या माणसाला ओलांडता येत नाही. ती फार उंच आहे किंवा धोक्याची आहे म्हणून नव्हे. माझे वडील आयुष्यभर पाठीवर बटाट्याचं पोतं घेऊन ती एकटेच ओलांडत आले. पण गेल्या वर्षी एक परदेशी तरुण खिंडीत स्वतःचा फोटो काढताना पाच तास हरवला आणि शासनाने त्याची गंभीर दखल घेतली. तरुण त्याच दिवशी सापडला. एका लामाने, म्हणजे आमच्याकडच्या ओझं वाहणाऱ्या लोकरी जनावराने, त्याची टोपी खाल्ली, एवढंच काय ते नुकसान. पण तोवर नियम छापून झाला होता. परिणामी केल्योपाम्पा गावात ‘उच्चपर्वतीय पदभ्रमण सुरक्षा व परस्परबंध पडताळणी कक्ष’ स्थापन झाला. कक्षात एक टेबल, एक बाई आणि एक शिक्का आहे.

मी सातुर्निनो चाम्पी. सिकुआनीच्या शाळेत गणित शिकवतो, आणि कोणी रजेवर असेल तर नागरिकशास्त्रही. शेजारच्या वर्गात निल्तोन वाल्पा भूगोल शिकवतो. आमची मैत्री बावीस वर्षांची. निल्तोनची बहीण ग्रेगोरिया खिंडीपलीकडे चाकाबाम्बाला राहते. तिचा मुलगा अमारू तीन वर्षांचा झाला होता आणि शनिवारी दुपारी बारा वाजता त्याचं जावळ काढायचं होतं. आमच्यात पोराची पहिली बट धर्मबापाने कापायची असते. त्यानंतरच बाकीच्यांनी कात्रीला हात लावायचा. धर्मबाप निल्तोन होता. त्याला स्वतःचं मूलबाळ नाही. गेली तीन वर्षं तो या एका दिवसाबद्दल बोलत होता, आणि त्यासाठी त्याने मखमली पेटीतली चांदीची कात्री करवून घेतली होती.

चाकाबाम्बाला बस जाते. चार तास लागतात. चालत गेलं तर चार दिवस. चालत जायची कल्पना माझी होती, हे आधीच कबूल करून टाकतो. आमच्या भागात पाठीवर ओझं घेऊन चालणाऱ्याला गरीब म्हणतात. तेच ओझं रंगीत पिशवीत भरलं की त्याला साहसी म्हणतात आणि लोक त्याचा फोटो काढतात. मला पन्नाशीच्या आत एकदा तरी साहसी व्हायचं होतं. मायदेशी परतणाऱ्या एका जोडप्याकडून आम्ही दोन जुन्या पिशव्या स्वस्तात घेतल्या. प्रत्येक पिशवीला सत्तावीस पट्टे होते. त्यातले चार कशासाठी आहेत ते आम्हाला कळलं.

प्रवास कमी खर्चात करायचा असं ठरलं होतं. दोघांत एक चमचा, एक मेणबत्ती, भाजलेला मका, सुकवलेले बटाटे आणि चीज. ओझं कमी व्हावं म्हणून निल्तोनने दोघांच्या टूथब्रशच्या दांड्या करवतीने कापल्या. मखमली पेटी मात्र घेतली. तिचं वजन पाऊण किलो होतं.

गुरुवारी दुपारी आम्ही केल्योपाम्पाला पोचलो. खिंड चढून पलीकडे उतरायला सहा तास पुरतात. हाताशी चांगले दोन दिवस होते.

“एकमेकांचे कोण?” कक्षातल्या एर्मिनियाबाईंनी मान वर न करता विचारलं.

“मित्र,” मी म्हणालो.

बाईंनी मान वर केली. “मित्र असा रकाना नाही.”

“बावीस वर्षांची मैत्री आहे, बाई.”

“बावीस वर्षांत काहीच पुढे सरकलं नाही?” बाईंना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. “पती-पत्नी, पालक-पाल्य, सख्खी भावंडं किंवा कोम्पाद्रे. यातलं काय ते सांगा. तो परदेशी पोरगासुद्धा मित्राबरोबरच आला होता. मित्र पुढे निघून गेला. तेव्हापासून मैत्री बंद केली आहे.”

“बाई, आम्ही इथलेच आहोत हो,” निल्तोन म्हणाला. “माझी सख्खी बहीण पलीकडे राहते.”

“इथल्या माणसाच्या पाठीवर असली पिशवी नसते.”

तेवढ्यात फोर्तुनातो ताता सहा लामा हाकत कक्षासमोरून गेले. गावातले सर्वांत वयस्कर गृहस्थ, वय त्र्याऐंशी. एकटेच होते. खिंडीच्या वाटेवर दोन खांब आहेत आणि त्यांच्यामध्ये बारा हात लांबीची एक दोरी बांधलेली आहे. खांबांच्या डावीकडे आणि उजवीकडे नजर पोचेल तिथपर्यंत मोकळं गवत आहे. ताता लामांसकट दोरीच्या बाजूने गेले आणि वर चढायला लागले.

“यांना बरं सोडलंत?” मी विचारलं.

“ते कामाला चाललेत. तुम्ही पदभ्रमणाला चाललाय.”

“आम्हीसुद्धा कामालाच चाललोय!”

“मग पिशवीवर ‘साहस’ कशाला लिहिलंय?”

मी पिशवी उलटी करून पाहिली. खरंच लिहिलं होतं.

“सातू, बाजूने जाऊ या,” निल्तोन माझ्या कानाशी लागला.

“आपण शिक्षक आहोत,” मी म्हणालो. “नागरिकशास्त्राचा तास कोण घेतं?”

“कोणी रजेवर असेल तर तू.”

“मग झालं तर.”

एर्मिनियाबाई वाईट नव्हत्या. आमची पडलेली तोंडं बघून त्यांनी स्वतःच मार्ग सुचवला. “कोम्पाद्रे होऊन टाका ना. हाय काय अन् नाय काय.”

मुलाचा बाप आणि मुलाचा धर्मबाप हे एकमेकांचे कोम्पाद्रे होतात. व्याह्यांसारखंच नातं, फक्त रुसवेफुगवे कमी. पण त्याला मूल लागतं. आमच्या दोघांकडे मिळून एक चमचा होता.

“मूल इथे आहे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी कोपऱ्यातलं प्लास्टिक दूर केलं. खाली नवंकोरं झेरॉक्स मशीन होतं.

यात हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडे नव्या छपराला धर्मबाप असतो, नव्या ट्रकला असतो, फुटबॉल संघाच्या सदऱ्यांना असतो आणि लग्नातल्या केकलाही असतो. धर्मबाप व्हा म्हटलं की नाही म्हणायची पद्धत नाही आणि झालेला खर्च बोलून दाखवायची तर मुळीच नाही. हे मशीन आठ महिन्यांपूर्वी आलं होतं. पण धर्मबाप न मिळाल्याने त्याचा बाप्तिस्मा राहिला होता, आणि बाप्तिस्मा न झालेली शासकीय वस्तू वापरात आणता येत नाही.

प्रश्न उरला तो बाप कोणी व्हायचं याचा.

“तू हो,” निल्तोन म्हणाला. “मी अविवाहित आहे. लोक काय म्हणतील?”

“आणि माझी बायको काय म्हणेल?”

“तुझी तीन आहेत, त्यात चौथं. मला शनिवारी धर्मबाप व्हायचंच आहे, तेवढाच सराव होईल.”

मी बाप झालो. बाईंनी अर्ज भरायला घेतला. “आईचं नाव?”

निल्तोन मशीनच्या मागची पट्टी वाचायला वाकला.

“कारखान्याचं लिहिते,” बाई म्हणाल्या. त्यांना सवय असावी.

धर्मबापाची कर्तव्यं अर्जाच्या मागच्या बाजूला छापलेली होती: बाळासाठी शाई आणि कागदाच्या दोन गड्ड्या. समोरचं दुकान योगायोगाने बाईंच्या दिराचं होतं आणि तिथे योगायोगाने शाई, कागद आणि काडेपेट्या एवढंच मिळत होतं. निल्तोनने भाच्यासाठी मेंढी घ्यायला जपून ठेवलेले पैसे काढून दिले. परत येताना त्याने कागद छातीशी धरले होते.

शुक्रवारी सकाळी बाप्तिस्मा झाला. फोर्तुनातो ताता आदल्या संध्याकाळीच परत आले होते. मंत्र म्हणायला तेच होते. आमच्या डोक्यांवर रंगीत कागदाचे कपटे उधळले गेले. मशीनला लाल फीत बांधली होती.

“कात्री कोणाकडे आहे?” बाईंनी विचारलं.

निल्तोनचा हात पिशवीवर गेला. “ती अमारूची आहे,” तो हळूच म्हणाला.

“अहो मास्तर, फीतच तर कापायची आहे.”

सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. त्याने मखमली पेटी उघडली, तीन वर्षं जपलेली कात्री बाहेर काढली आणि फीत कापली. मला फार वाईट वाटलं. टाळी मात्र पहिली मीच वाजवली.

मग तातांनी चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, मोठा पेला घेतला. पहिला घोट धरणीमातेला द्यायचा असतो, तो त्यांनी जमिनीवर ओतला. दुसरा नवजात बाळाच्या डोक्यावर. त्यांनी झाकण उघडून उरलेली सगळी चिचा मशीनमध्ये ओतली.

बाळ एकदा खोकलं आणि गप्प झालं.

“आता बाप्तिस्म्याच्या दाखल्याच्या दोन सत्यप्रती जोडा की झालं,” बाई म्हणाल्या.

“प्रती कुठे काढायच्या?”

“अख्ख्या खोऱ्यात एकच मशीन आहे,” बाई अभिमानाने म्हणाल्या. “तुमचंच.”

आम्ही बाळाला उचलून उन्हात नेलं. त्याची सगळी झाकणं उघडली. निल्तोन भूगोलाच्या नकाशाने त्याला वारा घालत बसला आणि मी कापलेल्या टूथब्रशने आतली चिचा खरवडत राहिलो. दुपारी तीन वाजता बाईंनी कक्षाला कुलूप लावलं.

“बाई, कुठे निघालात?” मी धावत गेलो.

“पलीकडे एका घरचं कार्य आहे. अगत्याचं आमंत्रण आहे. सोमवारी येते.”

“आणि शिक्का?”

“शिक्का माझ्याबरोबर असतो.” त्यांनी पर्सवर थोपटलं.

“मग आम्हालाही जीपमधून घेऊन चला ना. आम्हाला पलीकडेच जायचंय.”

“शासकीय वाहनात फक्त कुटुंबीय बसू शकतात, मास्तर. तुम्हीच नियम मोडायला निघालात तर मुलांनी कोणाकडे बघायचं?” बाईंनी जाताना एक कागदाची गड्डीही बरोबर घेतली. कक्षात ओल फार आहे, म्हणाल्या. त्या दिवसाची बस बाप्तिस्म्याच्या वेळीच निघून गेली होती आणि शनिवार-रविवार बस नसते.

शनिवारी पहाटे मशीन सुरू झालं. प्रतींना चिचाचा वास येत होता, पण अक्षर वाचता येत होतं. मला कौतुक वाटलं. बापच होतो मी. निल्तोन मात्र दोरीपाशी उभा होता.

“सहा वाजलेत,” तो म्हणाला. “आत्ता निघालो तर बाराला पोचतो. सातू, चल. बाजूने जाऊ.”

“सगळं झालंय रे आता. फक्त शिक्का राहिलाय. एवढं केलेलं पाण्यात घालवायचं?”

त्याने खिंडीकडे पाहिलं. “तू येत नसशील तर मी एकटा होतो,” तो म्हणाला. “आणि एकट्याला जाता येत नाही.” मग येऊन माझ्याशेजारी बसला. बारा वाजले तेव्हा त्याने पेटी उघडून कात्रीकडे पाहिलं आणि परत मिटली. मी गणिताचा माणूस. हाताशी असलेले दोन दिवस कशात गेले, हे गणित तेव्हाही मला सुटलं नाही.

सोमवारी सकाळी बाई हसतमुख परतल्या. शिक्का बसला. आम्ही दोरीपाशी जाऊन कागद हातात धरून उभे राहिलो, कोणी दोरी सोडेल म्हणून.

“अहो, बाजूने जा!” बाई खिडकीतून ओरडल्या. “ती गाठ सुटत नाही.”

चाकाबाम्बाला पोचलो तेव्हा अमारू अंगणात खेळत होता. डोकं गुळगुळीत. निल्तोन फाटकातच थबकला.

“या, मामा या!” ग्रेगोरिया कमरेवर हात ठेवून उभी होती. “चार तासांची बस सोडून चार दिवसांचं चालणं काढलंस. तेही धड जमलं नाही. पाहुणे तीन वाजेपर्यंत उपाशी बसले होते.”

“तायडे, ऐक तरी...”

“काय ऐकू? मुहूर्त वगैरे आम्ही बघत नाही, पण भरल्या घरातून पोराला तसाच उठवणार का? धर्मबापच नाही म्हटल्यावर मान्यवरांपैकी कोणीतरी उठलं आणि वेळ निभावली. देवमाणूस हो. केल्योपाम्पाच्या एर्मिनियाबाई.”

निल्तोन पायरीवर बसला.

“कात्री कुठली वापरली?” त्याने विचारलं.

“त्यांच्या पर्समधली. कचेरीची. आणि पोराला भेटसुद्धा आणली होती.” तिने आतून आणून दाखवली. कागदाची कोरी गड्डी होती. वरच्या कागदावर अमारूने एक लामा काढला होता. गड्डी आमच्या ओळखीची होती.

निल्तोनने कात्रीची पेटी पोराच्या हातात दिली. पोराने ती उघडली, कात्री बाजूला टाकली आणि पेटीत खडे भरायला लागला. निल्तोन हसायला गेला आणि रडला. मीही रडलो. ग्रेगोरियाने आम्हा दोघांना गरम सूप दिलं आणि आणखी तासभर सुनावलं.

परतताना आम्ही बसने आलो. तक्रार करायचीच असं ठरवून केल्योपाम्पाला उतरलो. एर्मिनियाबाईंनी निल्तोनला मिठी मारली. “पोराची पहिली बट मी कापली, आता तुमची बहीण माझी कोमाद्रे! म्हणजे तुम्ही घरचेच. आधी बोलला असतात तर जीपमधून नेलं असतं की.” तक्रार कोणाविरुद्ध आहे ते त्यांनी विचारलं नाही. तीन प्रतींत द्यावी लागेल, एवढंच म्हणाल्या आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. मशीनवर आता पितळी पट्टी होती: ‘पिता सातुर्निनो चाम्पी, धर्मपिता निल्तोन वाल्पा’. कागद संपले होते. निल्तोन समोरच्या दुकानात गेला.

तुम्ही हसताय. आम्ही तर सरळ दोरीच्या बाजूने गेलो असतो, असंही म्हणत असाल. म्हणा. पण परवा तुम्ही तुमच्या दाखल्यासाठी कचेरीत गेला होतात ना, तेव्हा काखेत होती ती कागदाची गड्डी कोणासाठी नेली होतीत?