रविवारी फ्रीजला सुट्टी

आमच्या घरात देवाच्या दहा आज्ञांच्या खालोखाल अकरावी आज्ञा होती : रविवारी फ्रीज बंद ठेवायचा. शनिवारी रात्रीची जेवणं झाली की क्लेमेंटीन आत्या बटण बंद करायची, ते सोमवारी सकाळी चालू. का, ते विचारायचं नाही. सातवीत असताना मी विचारलं होतं. आत्या म्हणाली, "देवानंसुद्धा सातव्या दिवशी विसावा घेतला. हा काय देवापेक्षा मोठा लागून गेला?"

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, घर चालवलं. फ्रीजची किल्ली तिच्या कमरेला. (तेव्हा फ्रीजला कुलूप असायचं आणि आमच्याकडे ते लावलंही जायचं.) दूध, मासे, नारळाचा रस, सगळं शनिवारपर्यंत संपवलं जायचं. त्यामुळे आज्ञा मोडायची वेळ कधी आली नाही. आली ती सन दोन हजारच्या नाताळात, आणि आली थर्माकोलच्या पेटीत बसून.

पेटी युजीनकाकांनी आणली. काका जहाजावर खानसामा. अकरा वर्षांत एकही नाताळ त्यांना आमच्या गावी, निर्मळला मिळाला नव्हता. दर वर्षी परक्या लोकांसाठी टर्की भाजायची आणि आपण डेकवर उभं राहून घरच्या गरमागरम तळलेल्या फुग्यांची आठवण काढायची. या वर्षी सुट्टी मिळाली, तर म्हणाले, माझ्या माणसांना मी माझ्या हातची टर्की खाऊ घालणार. बुधवारी पेटी उघडली. आत पांढरा, दगडासारखा गोळा.

"हा पक्षी आहे का पायरीचा दगड?" मम्मी म्हणाली.

"उद्या उन्हात ठेवू, वाफे खणलेत तिथं," आत्या म्हणाली. "दुपारपर्यंत सुटेल."

"नाहीतर पोत्यात घालून विहिरीत सोडू," पप्पा म्हणाले.

मी तेव्हा मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणजे जगातल्या प्रत्येक माणसाला अडाणी समजायचा मला परवाना होता. मी ओटीवर उभी राहून व्याख्यान दिलं. उन्हात ठेवली तर बाहेरून सडेल आणि आत बर्फच राहील. विहिरीत सोडली तर गाव आजारी पडेल. टर्की फ्रीजमध्ये, खालच्या बाजूला, पसरट पातेल्यात, गारव्यातच हळूहळू सुटली पाहिजे. दार सारखं उघडायचं नाही. आणि रविवारी फ्रीज चालू राहील!

काका मान डोलवत म्हणाले, "पोरगी बरोबर बोलते. जहाजावर असंच करतो."

आत्या म्हणाली, "बरं बाय."

हे 'बरं बाय' ऐकून मला चढली. मी हात पुढे केला. "मग किल्ली दे."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या तळहातावर ठेवली. क्रांती इतकी सोपी असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कप्पे काढून टर्की आत बसवली, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या क्रूसाच्या साखळीत ओवली. चार दिवस मी ती मिरवली. नाताळच्या फराळाचे कलकल वळताना ती पिठात बुडायची, बांबूच्या कामट्यांचा तारा बांधताना दोऱ्यात अडकायची, पण मी काढली नाही. गुरुवार-शुक्रवारी दार उघडून टर्की चाचपली. छान गार, जराशी नरमलेली. शनिवारपासून मी स्वतःलाही दार उघडायची बंदी घातली. (शास्त्र म्हणजे शास्त्र.)

रविवारी घरभर तळणीतल्या नेवऱ्यांचा वास होता. पप्पा सायकलवरून वाडीभर सांगत फिरत होते, "उद्या या हां जेवायला. युजीननं अमेरिकेतला पक्षी आणलाय." काका अंगणात मसाला वाटत गात होते. इतकं बेसूर आणि इतकं खूष मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर मी कुलूप उघडलं. गार झोताऐवजी तोंडावर कोमट वाफ आली आणि पाठोपाठ असा वास, की मम्मीनं पदर नाकाला लावला. आतला दिवा लागला नाही. भिंतीवरचं बटण बंद होतं.

"आत्या!"

"काय ओरडतेस?"

"तू कबूल झाली होतीस!"

"दार उघडू नको म्हणालीस. मी उघडलं का? किल्ली तर तुझ्या गळ्यात." आत्या शांतपणे म्हणाली. "शनिवारी रात्री नुसतं बटण बंद केलं. रविवार होता."

म्हणजे चोवीस तासांहून जास्त काळ ती टर्की उकाड्यात कोंडलेली होती आणि पहाऱ्याला मी होते, कुलपासह.

मग सगळ्यांनी टर्कीची बाजू घेतली. "सिरका आणि मसाला घालून इंद्याल करू, वास जाईल," आत्या म्हणाली. "एवढ्या लांबून आणलाय," पप्पा म्हणाले, "आणि माणसं बोलावलीत." काका टर्कीकडे बघत नुसते सुरीची धार अंगठ्यानं तपासत राहिले. त्यांच्याकडे बघून क्षणभर मलाही वाटलं, शिजवावी.

"नाही," मी म्हणाले. "ही या घरात शिजणार नाही. काका, तुमच्या हातचं बोंबलाचं कालवण मी कढईसकट खाईन, पण पाहुण्यांची लहान पोरं आहेत, त्यांच्या पानात हे पडणार नाही. केळीखाली खड्डा खणा. आणि आत्या, आजपासून या घरात रविवारी फ्रीज बंद होणार नाही!"

काकांनी सुरी खाली ठेवली. "बोंबील आहेत का गो घरात?" त्यांनी मम्मीला हळूच विचारलं. पप्पा कुदळ शोधायला वळले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घरातली सगळी मोठी माणसं माझं ऐकत होती.

मी भिंतीपाशी गेले, किल्ली छातीवर सरळ केली आणि सगळ्यांच्या देखत फ्रीजचं बटण खाडकन खाली ओढलं.

फ्रीज घरघरला नाही. मी बटण वर केलं, पुन्हा खाली केलं.

काकांनी दारातून ओटीवर टांगलेल्या ताऱ्याकडे पाहिलं. रात्रंदिवस जळणारा त्यातला बल्ब विझलेला होता. ऐन नाताळच्या सकाळी वीज गेली होती.

आत्यानं फक्त फ्रीजकडे बघून क्रूसाची खूण केली.