गाडीतला धवल

"इंटरनेट? हाव, हाय ना! गाडीतच हाय! आंगातलंच!"

असं हिंमतराव बोलून गेले आणि बुलडाण्याच्या त्या बैठकीत चहाचा कप त्यांनी अशा ऐटीत खाली ठेवला, की जणू स्वतःच्या हातानं ते इंटरनेट गाडीत कोंबलं होतं! खरं सांगायचं तर गाडीला इंटरनेट असतं हेच त्यांना त्या क्षणी कळलं होतं.

विचारणारे होते नीळकंठराव, त्यांचे होणारे व्याही. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. एकदा विचारलेला प्रश्न उत्तर मिळेपर्यंत सोडायचा नाही, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या हरिओमशी हिंमतरावांच्या योगिनीचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. तारीख पक्की करायला पाहुणे रविवारी हिंमतरावांच्या गावी, रोहिणखेडला येणार होते.

"नवीन गाड्यांत आजकाल असतं म्हणे," नीळकंठराव म्हणाले. "तुमची नवीनच आहे ना?"

"कोरी! शोरूमची!"

झालं! एका दमात दुसरी थाप. गाडी मलकापूरच्या धवल नावाच्या पोरानं मनसोक्त फिरवून विकलेली होती.

आता हिंमतराव म्हणजे खोटं बोलणारा माणूस नव्हे बरं का. मोताळ्याच्या बाजारात त्यांच्या वांग्यांसाठी गिऱ्हाईक थांबून राहायचं, कारण भोक पडलेलं वांगं ते स्वतःच उचलून बाजूला टाकत. पण त्या बैठकीत सगळे मास्तर आणि कारकून, सगळ्यांचे शर्ट इस्त्रीचे, आणि आपल्या नखांत मळ्यातली माती! त्या मातीकडे पाहता पाहता त्यांच्या तोंडून हे असलं निघालं. निघालं ते निघालं, परत कसं घालणार?

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, पुष्पाबाईंना, सगळं सांगितलं. पुष्पाबाईंनी पोळी तव्यावर तशीच ठेवून नवऱ्याकडे पाहिलं.

"सरळ सांगून द्या ना, जुनी हाय म्हनून! जुनी गाडी घेनं काय पाप हाय?"

"आता कसं सांगू? पोरीच्या सासरी माही काय इज्जत राहीन?"

"अन खोटं उघडं पडलं तं? पोरीची काय राहीन?"

हिंमतरावांनी हे ऐकलं, पण ऐकल्यासारखं केलं नाही. त्यांच्या डोक्यात योजना शिजत होती. गाडी नवी दिसणं अगदी सोपं होतं! लोक नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक वर्षभर काढत नाहीत. त्यांनी या जुन्या गाडीच्या सीटवर प्लास्टिक चढवून घेतलं. तेही खुद्द धवलकडून, दुसऱ्या दिवशी गाडी ताब्यात घेताना, पाहुण्यांचं सगळं सांगून! आणि नंबर प्लेटवरून गाडीचं वय कळू नये म्हणून तिच्यावर झेंडूचा जाडजूड हार टाकायचं ठरलं. राहता राहिलं इंटरनेट. ते आहे की नाही, एवढंच शोधायचं होतं.

गावातल्यांच्या नजरेस पडू नये म्हणून गाडी मळ्यातल्या शेडमध्ये दडवली होती. तिथं हिंमतराव शोधाला लागले. आधी पडद्यावरची सगळी चित्रं दाबून पाहिली. रेडिओ लागला. एसी लागला. मग गाडीच्या मागचं दृश्य दिसायला लागलं, आणि त्यात कमरेवर हात ठेवून पुष्पाबाई उभ्या!

मग हिंमतरावांनी गाडीला हाक मारून पाहिली. "हॅलो! ओ नेट! हायेस का वं बाई?"

"गाडीसंगं काऊन बोलून राह्यले?" पुष्पाबाई म्हणाल्या. "घरी माह्यासंगं तं दोन शब्द बोलत नाई!"

शेवटी हिंमतराव मोताळ्याला प्रेमानंदच्या मोबाइल दुकानात गेले. प्रेमानंद म्हणाला, "दादा, आरशाच्या वर, छताले लाल बटन हाय का? त्याच्यावर इंग्रजीत लिव्हेल?"

"हाय! लहानसं हाय."

"मंग बहुतेक हाय नेट! तसल्या गाडीच्या पोटात तिचं सोताचं सिमकार्ड असते. तुमच्या फोनशी तिले काही घेनं-देनं नाई. पन ते बटन संकटाचं हाय, उगंच दाबू नोका बरं!"

दाबू नका म्हटल्यावर कोण थांबतं! मळ्यात परतताच हिंमतरावांनी डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. एक दिवा लुकलुकला. मग विझला. हिंमतराव वाट पाहत बसले. काही नाही! पुन्हा दाबलं. तोच लुकलुकाट, तीच शांतता.

"मेलेलं हाय," त्यांनी जाहीर केलं.

त्या मळ्यात साध्या फोनलाही रेंज नसते. कुणाशी बोलायचं तर विहिरीच्या कठड्यावर चढावं लागतं. हिंमतराव रोज चढतात. नेमकं त्याच दिवशी मात्र ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी मनाशी हिशेब मांडला, की बटण आहे ते दाखवायचं, चालत नाही ते सांगायचं नाही.

रविवार उजाडला. गाडी घरासमोर अंगणात उभी राहिली. धुतलेली, पुसलेली, नाकावर हार घातलेली. पाहुणे आले. नीळकंठरावांनी पाय धुतले, पाणी घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "इंटरनेट दाखवा बरं!"

"आधी चहा-फराळ होऊ द्या ना, इवाई!" हिंमतराव व्याह्यांना म्हणाले.

चहा झाला. फराळ झाला. नीळकंठरावांच्या पत्नी शारदाबाई हौसेनं गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. सगळे दरवाजे सताड उघडे होते. त्यांनी खोल श्वास घेतला. "नवीन गाडीचा वासच वेगळा असतो नाही?"

"एकदम वेगळा!" हिंमतराव म्हणाले. पुष्पाबाई पदराआड खोकल्या.

नीळकंठरावांनी खिशातून मोबाइल काढला. "हं, लावा गाडीचं नेट. याच्यावर येतं का पाहू."

हिंमतरावांच्या कपाळावर घाम आला. आणि मग ते असं काही बोलले, की त्याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं. "पूजेच्या आधी नेट नाई उघडत, इवाई! नव्या गाडीचं आधी पूजन. मंग नेट!"

"असं असतं का?"

"आमच्याकडं असते."

"मग करा पूजा. आम्ही थांबतो."

घ्या! वेळ मारून न्यायला गेले आणि वेळ अंगावर आली. पूजेची तयारी होतीच. योगिनीनं ताट आणलं. शेजारच्या कौशल्याबाई पेढ्याच्या आशेनं कुंपणाशी येऊन थांबल्या. चाकांखाली लिंबं ठेवली. हळद-कुंकू लावायचा मान अर्थातच पाहुणीचा. शारदाबाई पुढच्या सीटवर येऊन बसल्या आणि कामाला लागल्या. त्यांचं काम भारी व्यवस्थित. स्टिअरिंगला कुंकू, गिअरला कुंकू, पडद्याला कुंकू, एसीच्या जाळीला कुंकू!

"अन ते नेट कुठं असतं हो? त्यालाही लावते."

हिंमतराव निर्धास्त होते. मेलेल्या बटणाची कसली भीती! त्यांनीच चावी फिरवून पडदा सुरू केला, म्हणजे जरा देखावा होईल, आणि मोठ्या रुबाबात वर बोट दाखवलं. "ते लाल बटन. तेच इंटरनेट."

शारदाबाईंनी हळद लावली. मग कुंकवाचं बोट असं काही दाबून टेकवलं, की पुढल्या दिवाळीपर्यंत ते पुसलं जाऊ नये.

टूं... टूं... टूं...

"नमस्कार! आपत्कालीन मदत सेवेत आपलं स्वागत आहे!"

आवाज गाडीच्या सगळ्या कोपऱ्यांतून आला आणि कुंपणापर्यंत गेला. शारदाबाईंच्या हातातलं ताट उडालं. नीळकंठराव दोन पावलं मागे सरले. आणि हिंमतराव? हिंमतराव जागच्या जागी नाचले!

"आलं! नेट आलं! पाहा इवाई, म्या म्हनलं होतं का नाई? गाडी बोलून राह्यली! बोल बाई, बोल!"

बाई बोलली. "धवल सर, आपण सुखरूप आहात ना?"

हिंमतराव नाचायचे थांबले.

"धवल कोण?" नीळकंठरावांनी विचारलं.

"कोनी नाई! ते... ते कंपनीवाले सगळ्यायलेच धवल म्हनतात. आपन नाई का, कोनालेबी साहेब म्हनत!"

"धवल सर, आपला आवाज वेगळा येतोय. गाडी आपल्याच ताब्यात आहे ना?"

"हाव बाई, माह्याच ताब्यात हाय! ठेव आता फोन!"

"आपण कोण बोलताय?"

"मी हिंमतराव!"

"हिंमतराव, ही गाडी आमच्याकडे धवल सरांच्या नावानं नोंदलेली आहे. कृपया गाडी जागेवरून हलवू नका. मी धवल सरांना लाइनवर घेते."

"नोको! नोको घेऊ!"

हिंमतराव गाडीत घुसले आणि दिसेल ते दाबत सुटले. वायपर खडाखडा फिरायला लागले. काचेवर मारायचं पाणी कारंज्यासारखं उडालं ते थेट नीळकंठरावांच्या चष्म्यावर! हॉर्न वाजला. चावी काढून खिशात घातली, तरी बाई बोलतच होती. "घाबरू नका, मी लाइनवर आहे."

तेवढ्यात दुसरा आवाज आला. तरणाबांड, दिलखुलास.

"हॅलो! हिंमतराव काका? काय झालं? अॅक्सिडेंट तं नाई झाला?"

"नाई रे बापा! काही नाई झालं! ठेव तू!"

"बरं झालं! जीवच गेलता माहा! बाई, गाडी चोरीची नाई हो, म्याच विकली काकाले. नाव बदलाचं राह्यलं तेवढं. अन काका, चालून राह्यली ना बरोबर? पह्यला गिअर जरा अडते, सांभाळून घेजा!"

"धवल, बापा, ठेव ना फोन!"

"ठेवतो, ठेवतो! मागच्या सीटचा वास गेला का पन? आमची छकुली प्रत्येक घाटात उलटी करे तिथं. लई धुतलं म्या, पन उन्हात वास येतेच."

शारदाबाईंनी पदर नाकाला लावला.

"अन काका, मेन गोष्ट तं राह्यलीच! पाव्हन्यायले नवी वाटली का? म्या प्लास्टिकच असं चढवून देल्लं, का शोरूमवालाबी फसन!"

वायपर मघाच थांबले होते. आता अंगणच थांबलं. कुंपणावरच्या कौशल्याबाईसुद्धा पेढ्याचं विसरल्या.

हिंमतरावांना वाटलं, गाडीच्या चाकाखालचं लिंबू आपण असतो तर बरं होतं, निदान एका फेरीत सुटका झाली असती. त्यांनी मान वर केली तर समोर योगिनी. ती रागानं पाहत असती तर चाललं असतं. पण तिचे डोळे भरले होते, आणि ती बापाकडे नाही, सासऱ्याकडे पाहत होती. बापाची थाप खरी मानून तिनंच हरिओमला मोठ्या कौतुकानं नव्या गाडीचं सांगितलं होतं. आपली इज्जत वाचवायला निघालेल्या या माणसानं पोरीची घालवली होती. बायकोनं नेमकं हेच सांगितलं होतं, तेही तव्यावरची पोळी करपेपर्यंत थांबून! हिंमतरावांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

नीळकंठरावांनी चष्मा पुसला. गाडीसमोर गेले, झेंडूचा हार दोन बोटांनी उचलला, नंबर वाचला आणि हार पुन्हा नीट ठेवला.

"हिंमतराव, बाजारात तुम्ही किडकं वांगं लपवून विकता का हो?"

"कधीच नाई! देवाशपथ! भोकाचं वांगं म्या सोता फेकतो."

"मला माहीत आहे. मोताळ्यात चौकशी केली होती आम्ही. लोक हेच बोलले, म्हणून तर पोरगी पसंत केली. मग आमच्यापुढेच का झाकलं?"

हिंमतरावांनी नखं मुठीत लपवली. "तुमच्या बैठकीत सगळे शिकेल-सवरेल होते, इवाई. मले माह्या नखाची लाज वाटली. आता तं सगळ्या आंगाचीच वाटून राह्यली. माही चूक हाय. पोरीची नाई. तिले काही मालूम नव्हतं."

नीळकंठराव गाडीच्या छताकडे, त्या कुंकवानं माखलेल्या बटणाकडे पाहत राहिले.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "इंटरनेट आहे."

"आं?"

"मी विचारलं होतं, गाडीत इंटरनेट आहे का. आहे. तेवढं तरी तुम्ही खरं बोललात."

"तेबी खरं नव्हतं, इवाई," हिंमतराव खाली मान घालून म्हणाले. "मले मालूमच नव्हतं."

आधी शारदाबाई हसल्या. पदर नाकाला लावूनच हसल्या. मग पुष्पाबाई, मग कुंपण! योगिनी रडता रडता हसली. नीळकंठराव मात्र हसले नाहीत. त्यांनी खिशातून पंचांग काढलं आणि ओट्यावर बसले.

"तारीख काढू. पण माझी एक अट आहे."

हिंमतरावांनी हात जोडले. "काहीबी सांगा, इवाई!"

"लग्नात वर-वधूची पाठवणी याच गाडीतून करायची. पण तोवर गाडीतल्या त्या धवलला खाली उतरवा. माझ्या मुलाचं नाव हरिओम आहे."

"उतरवतो! उद्याच उतरवतो!"

"आत्ताच सांगा ना, काका," गाडीतून दिलखुलास आवाज आला. "मी लाइनवरच हाय!"