आठ क्लिक आणि चार दाढा

"कॉम्प्युटर ना? माझ्या डाव्या हातचा मळ!" दाताच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्ट बाईंनी सकाळी सकाळीच जाहीर करून टाकलं. एक जाड वही आणि एक पेन, एवढ्यावर त्यांनी वीस वर्षं अख्खा दवाखाना हाकला होता. आता वही गेली, नवीन प्रोग्राम आला. दिसायला देखणा, पण मेला चालायचा इंटरनेटवरून! पेशंटचं नाव उघडायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात दुखरा दात आपणहून पडावा!

पहिला पेशंट नेमका बाईंचा नवरा. दात साफ करून घ्यायला आलेला, आणि आल्या आल्या काउंटरवर ओणवा.

"अगं, 'सफाई'वर दाब."

"दाबलंय हो!"

"मग काही होत कसं नाही? परत दाब."

"दाबलं!"

"नीट दाब गं! मी दाबू का?"

बाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी धडाधड आठ वेळा दाबलं. त्याच क्षणी कुठूनशी एक सूचनेची पट्टी वरून उतरली, सगळी यादी खाली सरकली आणि माउसच्या बाणाखाली 'सफाई'च्या जागी 'अक्कलदाढ काढणे' येऊन बसलं. पडद्यावर 'थांबा'चं चक्र गरगर फिरत राहिलं. नवरा कंटाळून आत गेला.

दहा मिनिटांनी प्रोग्रामला जाग आली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : 'चार दाढा नोंदवल्या. पाचवी अक्कलदाढ उपलब्ध नाही.'

"अगं बाई!" बाई आत धावल्या. नवऱ्याला भुलीचं इंजेक्शन देऊन झालेलं, तोंड वासलेलं, आणि डॉक्टरांच्या हातात पक्कड!

"डॉक्टर, थांबा! यांचे दात नुसते साफ करायचेत!"

"काय सांगता? माझ्या पडद्यावर तर केव्हाच चार दाढा आल्यात. तरीच हे मघापासून हातवारे करतायत! मला वाटलं, घाबरलेत."

डॉक्टरांनी पक्कड खाली ठेवली, तेव्हा कुठे बाईंच्या जिवात जीव आला.

"मग आता सफाई तरी करून टाका."

"करतो की. आधी नोंद करा."

बाई काउंटरवर परतल्या. मागोमाग नवराही आला, बोट नाचवत. "आँ... ऊं... आब..." यापलीकडे तोंडातून अक्षर फुटेना. बाईंनी शांतपणे 'सफाई'वर एकदाच टिचकी मारली. चक्र फिरलंच नाही. नोंद झाली!

"बघा," बाई नवऱ्याच्या हातात रुमाल देत म्हणाल्या, "प्रोग्राम तसा गुणी आहे हो. मध्ये मध्ये कुणी बोललं, की बिचारा गडबडतो!"