एनर्व्हेटिंग भाषण

ऑफिसातल्या हेडक्लार्कना सगळे 'प्रोफेसर' म्हणत. म्हणणारे चेष्टेने म्हणत, पण ऐकणारा मानाने ऐके. साध्या 'चांगलं'ने जिथे भागलं असतं, तिथे प्रोफेसरांना अवजड इंग्रजी शब्द लागे. त्याचा अर्थ ते शब्दाच्या तोंडवळ्यावरून ठरवत.

साहेब दर सोमवारी सगळ्यांना समोर बसवून स्फूर्ती देत. ही स्फूर्ती जेवणाची सुट्टी खाऊन उरे. एका सोमवारी आभार मानायची पाळी प्रोफेसरांवर आली. बढतीची शिफारस साहेबांच्याच हातात असल्याने साधे आभार परवडणारे नव्हते. प्रोफेसरांनी घसा खाकरला आणि साहेबांची भाषणं अत्यंत 'एनर्व्हेटिंग' असतात, असं ठणकावून सांगितलं. शब्दात एनर्जी दिसत होती, आणखी काय बघायचं? साहेब खूश झाले. त्यांनी शब्द लिहून घेतला.

संध्याकाळी प्रोफेसरांनी हा पराक्रम बायकोला ऐकवला. तिने इस्त्री बंद केली आणि शब्दकोश काढला.

"अहो, याचा अर्थ माणसाला पार थकवून टाकणारं. मूळ लॅटिन आहे. अंगातले स्नायू उपसून काढणं."

"एनर्जीशी काहीच संबंध नाही?"

"आहे ना. ती संपते."

सकाळी प्रोफेसर कबुली द्यायला गेले, तर साहेबांच्या दारावर सोनेरी अक्षरांची नवी पाटी: दर सोमवारी साहेबांचं एनर्व्हेटिंग भाषण. मुख्य कार्यालयातल्या संचालक मॅडमनाही आमंत्रण गेलं होतं.

"सर, त्या शब्दाला जरा दुसरी बाजू आहे," प्रोफेसर चाचरत म्हणाले.

"असणारच. केवढा मोठा शब्द आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी प्रोफेसरांना पुढच्या सोमवारी पहिल्या रांगेत बसायला सांगितलं.

सोमवारी मॅडम आल्या. पाटीसमोर थबकल्या, साहेबांकडे एकदा पाहिलं आणि सगळं भाषण ऐकलं. प्रोफेसर तेवढ्या वेळात मनातल्या मनात राजीनामा लिहीत होते, सोप्या भाषेत. भाषण संपल्यावर मॅडम उठल्या. स्वतःला इतकं नेमकं ओळखून वर त्याची पाटी लावणारा अधिकारी आपण पहिल्यांदाच पाहिला, असं त्या म्हणाल्या. पाटीवरचा शब्द त्यांना पुरेपूर पटला होता.

साहेब विनयाने लवले. "श्रेय प्रोफेसरांचं. हे त्यांनी मला सगळ्यांसमोर, तोंडावर सांगितलं."

मॅडमनी प्रोफेसरांना आपादमस्तक न्याहाळलं. "असा निर्भीड माणूस मला हवाय. मला खरं सांगणारं तिकडे कोणीच नाही."

अशी प्रोफेसरांना बढती मिळाली. मुख्य कार्यालयात मॅडमचं पहिलं भाषण सुरू झालं, तेव्हा खिडकीतलं ऊन प्रोफेसरांच्या टेबलावर होतं. संपलं तेव्हा ते समोरच्या भिंतीवर चढलं होतं. मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "बोला, कसं वाटलं?"

प्रोफेसर उठले. जिभेवर चार शब्द आले, चारही लांबलचक. त्यांनी ते गिळले.

"मॅडम, मला मध्ये झोप लागली होती."

आयुष्यात प्रथमच आपल्या वाक्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक होता, आणि म्हणूनच त्यांनी मनातल्या मनात राजीनामा पुन्हा लिहायला घेतला.