जावईबापूंचं तापमान

इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, याबाबत आमच्या पॅकिंग विभागात दुमत नाही. म्हणूनच प्रत्येक खोक्यात बाटल्यांच्या शेजारी एक छोटं यंत्र बसतं आणि प्रवासभर तापमान नोंदवतं. आम्ही त्याला जावईबापू म्हणतो. बाटल्यांची विचारपूस कोणी करत नाही. जावईबापू रुसले की मात्र सगळ्या विभागाची तारांबळ उडते.

उन्हाळ्यात ते रुसले. चक्क बारा अंश नोंदवून बसले. मुख्यालयातून मला, म्हणजे विभागप्रमुखाला, खरमरीत ज्ञापन आलं. मी ते बारकाईनं वाचलं. तक्रार आकड्याची होती, औषधाबद्दल चकार शब्द नव्हता. तेव्हा बर्फाच्या पिशव्या बाटल्यांजवळून काढून जावईबापूंभोवती रचल्या. आकडा खाली आला. मग मुख्यालय म्हणालं, आलेखाची रेघ वरखाली होते, ती सरळ हवी. आणखी बर्फ घातला, थर्माकोल जाड केला. रेघ सरळ झाली, पण खोक्यात बाटल्यांना जागाच उरली नाही. मग बाटल्या पुठ्ठ्याच्या डब्यात भरून खोक्याला बाहेरून चिकटपट्टीनं बांधाव्यात, असा मी लेखी आदेश काढला.

पॅकिंगवाल्या ताईंचा हात थांबला. "साहेब, औषध उन्हातून जाणार की हो."

"ताई, उन्हातून गेल्याची नोंद कुठे होणार आहे?"

ताईंनी चिकटपट्टी उचलली. त्या वर्षीचं उत्कृष्ट शीतसाखळीचं मानपत्र आम्हालाच मिळालं, हे नम्रपणे नमूद करतो.

मला लहानाचं मोठं केलं ते मावशीनं. तिचं इन्सुलिनही आमच्याच खोक्यांतून जायचं. भाच्याच्या हातचं म्हणून ती दुसरीकडून घेतच नसे. तिची साखर चारशेच्या वर गेली, दवाखान्यात ठेवलंय, असा फोन आला. होतो तसा धावलो. जाताना तिच्या खोक्याचा आलेख तेवढा बरोबर घेतला.

डॉक्टरांना संशय औषधाचा होता. मी आलेख पुढे केला. त्यांनी ती सरळ रेघ पाहिली, खालची माझी सही पाहिली आणि संशय मागे घेतला. औषध ठणठणीत म्हटल्यावर बिघाड रुग्णातच असणार. त्यांनी मावशीला गोड खाल्ल्याबद्दल चांगलंच फैलावर घेतलं. ती पुन्हा पुन्हा सांगत होती, साखरेचा दाणा तोंडात घातलेला नाही. मावशी हट्टी आहे, पण खोटं ती जन्मात बोललेली नाही. हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

तिनं माझा हात धरला. "तू तरी सांग रे यांना."

मला रडू येत होतं. पण सही माझी होती.

"मावशी," मी म्हणालो, "यंत्र कशाला खोटं सांगेल?"

तिनं माझा हात सोडला. "मग खाल्लं असेल मी. आठवत नसेल."

डॉक्टरांनी केसपेपरवर तसं लिहून घेतलं.

आता तुम्ही मला शिव्या घालत असाल. खुशाल घाला. पण परवा तुमच्या आईची साखर वाढली, तेव्हा फ्रीजमधली बाटली तुम्ही उचलून तरी पाहिलीत का? तुम्हीही आधी आईलाच विचारलंत, चोरून काय खाल्लंस म्हणून.