विमा उतरवलेली सायकल आणि तिचं पुढचं चाक

तिरोड्याला वीज प्रकल्पाचं काम सुरू झालं आणि गावात बाहेरचे इंजिनियर राहायला आले. त्यातले काही जण सकाळी हेल्मेट घालून गियरच्या सायकली पळवायचे. दारात मोटार असताना माणूस सायकल चालवतो, ही गोष्ट खेमराज कटरेच्या मनात खोल जाऊन बसली. खेमराज सरकारी कचेरीत बाबू होता. पोट सुटलं होतं, साखर वाढली होती. डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं. त्याने त्याचा अर्थ 'चालवायला' असा घेतला आणि गोंदियाहून एकवीस गियरची सायकल घेऊन आला. (त्यातला एकच गियर त्याला वापरता यायचा. पण बाकीचे वीस आपल्याजवळ आहेत, याचं समाधान काही लहान नव्हतं.)

त्याची बायको ओमेश्वरी हिला शिलाई मशीन हवी होती. तिने सायकलला एक प्रदक्षिणा घातली आणि एवढंच विचारलं, "चोरीले गेली त?"

पुढचं सगळं या एका प्रश्नातून झालं.

ओमेश्वरीचा धाकटा भाऊ लोकेंद्र नुकताच विमा एजंट झाला होता. गोरेगावकडच्या नीतू नावाच्या मुलीशी त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि पोराचा धंदा चालतो की नाही हे बघूनच होकार देऊ, असं मुलीच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं. धंदा अजिबात चालत नव्हता. बहिणीच्या घरी सायकल आल्याचं कळताच लोकेंद्र धावत आला आणि म्हणाला की घरसामानाचा एक विमा असतो, त्यात सायकलही बसते.

खेमराज थक्क झाला. विमा माणसाचा असतो, ट्रकचा असतो, फार तर ट्रॅक्टरचा. पण कुठल्या तरी मोठ्या शहरात, उंच इमारतीत बसलेली साहेब मंडळी आपल्या सायकलची काळजी वाहणार, या विचाराने त्याचा ऊर भरून आला. त्याने सही केली. त्या दिवसापासून तो सायकलकडे बघायचा तेव्हा तिच्या मागे त्याला ती इमारत दिसायची.

विमा उतरवलेली सायकल बघायला गल्ली लोटली. शेजारचे दुधराममामा चष्मा पुसून खाली बसले. त्यांनी पायडल बघितलं, साखळी बघितली, सीटखाली हात घालून चाचपलं आणि शेवटी विचारलं, "इमा कोठी बसवला हाय?" विमा कागदावर असतो, हे खेमराजने त्यांना समजावलं. मामांना ते पटलं नाही, पण आदर वाढला. आपल्या दुधाच्या किटल्या वाहणाऱ्या सायकलचाही त्यांनी विमा काढला. मग समोरच्या रुख्माबाईने मुलीच्या शाळेच्या सायकलचा काढला. बघता बघता त्या गल्लीत बिनविम्याची सायकल म्हणजे कमीपणाची गोष्ट झाली, आणि लोकेंद्र इस्त्रीचा शर्ट घालून फिरू लागला.

धानाची मळणी आटोपल्यावर खेमराजला सासुरवाडीचं जेवणाचं बोलावणं आलं. सासुरवाडी बोदलकसा तलावाच्या अलीकडच्या गावात. ओमेश्वरी बसने गेली. खेमराज हेल्मेट घालून सायकलवर निघाला, आणि धापा टाकत पोचला तरी दिसायला रुबाबात पोचला. सासरे हिरालालजी अंगणात उभेच होते. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे गियरबद्दल खेमराजने जे जे सांगितलं त्या सगळ्याला त्यांनी मान डोलावली. पुढचं चाक पान्याशिवाय, नुसती एक दांडी फिरवून काढता येतं, हे तर त्याने साऱ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं.

आता सायकलला कुलूप कुठे लावायचं? अंगणात खांब नव्हता. धानाची पोती भरलेली बैलबंडी मात्र उभी होती. बैल गोठ्यात. एवढी वजनदार वस्तू कोण उचलून नेणार? खेमराजने भरभक्कम साखळी सायकलच्या पुढच्या चाकातून ओवली, बंडीच्या मागच्या लाकडाला बांधली, गोंदियाचं पितळी कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि निश्चिंत मनाने आत गेला. उडदाचे वडे झाले, तळलेली सुवारी झाली, वर खीर झाली. मग तो जो आडवा झाला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही.

मधल्या वेळात हिरालालजींनी बैल जुंपले आणि धान घेऊन राइस मिलला गेले.

बंडी निघताना कोणी मागे बघतं का? हिरालालजींनीही बघितलं नाही. रस्त्यात माणसं हात हलवून ओरडत होती. जावई आल्याचं गावाला कळलंय, म्हणून लोक खुशाली विचारताहेत, असं त्यांना वाटलं. ते प्रत्येकाला हात वर करून सांगत गेले, "बरं हाय, बरं हाय."

संध्याकाळी बंडी परत आली तेव्हा खेमराज डोळे चोळत अंगणात आला. बंडीच्या मागे साखळी लोंबत होती. साखळीला कुलूप होतं, जसंच्या तसं. आणि साखळीत सायकलचं पुढचं चाक होतं, वाऱ्याने हळूहळू फिरत. बाकीची सायकल नव्हती.

सगळे कालव्यापर्यंत शोधून आले. काही मिळालं नाही. ठाण्यात तक्रार लिहिणाऱ्या हवालदाराने विचारलं की चाक चोरीला गेलं का. खेमराजने सांगितलं की नाही, चाक सोडून सगळं गेलं. हवालदाराने पेन खाली ठेवलं, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा उचललं.

पण खरं सांगायचं तर खेमराज फारसा दुःखी नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर ती इमारत होती. आता तिथे दिवे लागले असतील, साहेब मंडळी त्याच्या सायकलसाठी उठून उभी राहिली असतील. नवी सायकल निळ्या रंगाची घ्यायची, इथपर्यंत त्याचं ठरलं होतं.

कंपनीचा माणूस आला. इंद्रकुमार त्याचं नाव. बारीक अंगाचा, मृदू आवाजाचा, हिंदी मिसळून मराठी बोलणारा सर्व्हेयर. त्याला बघायला गल्ली पुन्हा लोटली. जबाब द्यायला म्हणून हिरालालजीही गावाहून आले होते. लोकेंद्र दाराशी घाम पुसत उभा होता. या एका क्लेमवर त्याची सगळी गिऱ्हाइकं अवलंबून होती आणि गिऱ्हाइकांवर नीतू. इंद्रकुमारने चहा घेतला, बशी बाजूला ठेवली आणि विचारलं, "ताला तोडा था क्या? कुलूप तुटलं?"

"नाही साहेब," खेमराज अभिमानाने म्हणाला आणि त्याने साखळी समोर धरली. "पाहा ना. कुलूप पक्कं, साखळी पक्की."

"म्हणजे ज्याला कुलूप होतं, ते गेलं नाही."

"नाही गेलं."

"आणि जे गेलं, त्याला कुलूप नव्हतं."

हे वाक्य खेमराजने मनात उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. दोन्ही बाजूंनी ते खरं होतं.

इंद्रकुमारने पुढे शांतपणे समजावलं की पूर्ण सायकल चोरीला गेली तर कंपनी भरपाई देते. नुसते सुटे भाग गेले तर देत नाही.

"साहेब, पूर्ण सायकलच गेली ना."

"मग हे काय आहे?"

"चाक."

"कशाचं?"

"सायकलचं," खेमराज म्हणाला आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं.

"यानी सायकल पूर्ण नाही गेली," इंद्रकुमार म्हणाला. "चाक सोडून बाकीचे सुटे भाग गेले."

इतक्यात जावयाला मदत करावी म्हणून हिरालालजी पुढे झाले आणि खणखणीत आवाजात म्हणाले की बंडी त्यांनीच नेली, बंडी त्यांचीच, बैलही त्यांचेच. मग त्यांनी बैलांच्या आईपासूनची हकीकत सांगितली. इंद्रकुमारने ती पूर्ण ऐकून घेतली. वस्तू घरच्याच माणसाने घराबाहेर नेली, एवढं त्यातून त्याला मिळालं आणि त्याने ते टिपून घेतलं.

बॅग बंद करताना तो हळहळून म्हणाला, "मलाही वाईट वाटतं, कटरेजी. चाकही गेलं असतं तर काहीतरी करता आलं असतं."

(विहीर चार पावलांवर होती. खेमराजची नजर एकदा चाकाकडून विहिरीकडे गेली, पण साहेबांचं चाक बघून झालं होतं.)

दुसरा कोणी असता तर भांडला असता. खेमराज भांडला नाही. कचेरीत इतकी वर्षं त्याने किती तरी लोकांना परत पाठवलं होतं. पण त्यासाठी शिक्का कमी लागायचा, नाहीतर सही चुकावी लागायची, नाहीतर साहेब दौऱ्यावर असावे लागायचे. या माणसाला काहीही लागलं नाही. याने खेमराजला खेमराजच्याच उत्तरांवरून परत पाठवलं आणि वर चहा पिऊन. एखाद्या भजनी बुवाने मोठ्या गवयाला ऐकावं तसं त्याचं झालं. तो इंद्रकुमारला बसपर्यंत सोडायला गेला आणि बस दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून उभा राहिला.

परत आला तेव्हा गल्ली त्याच्याच अंगणात बसली होती. लोकेंद्र पायरीवर डोकं धरून होता. आता सगळे आपापले पैसे परत मागणार, हे दिसतच होतं. मग दुधराममामांनी घसा साफ केला.

"कंपनी पक्की हाय," ते म्हणाले. "एवढा हुशार मानूस ठेवला हाय. याच्याकडून कोनी एक पैसा काढून नाही नेऊ शकत. आपला पैसा तिच्यापाशी सलामत हाय."

हा विचार कोणालाच सुचला नव्हता, पण सुचल्यावर सगळ्यांना पटला. रुख्माबाई म्हणाली की बँकेतसुद्धा असा माणूस नाही. ज्यांनी विमा काढला नव्हता त्या दोघा-तिघांनी लोकेंद्रला दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं. ही बातमी गोरेगावला पोचली आणि होणारा जावई अशा भक्कम कंपनीत आहे म्हटल्यावर नीतूच्या वडिलांनी तारीख धरली. लोकेंद्रला यातलं काहीही समजलं नाही. त्याने ते समजून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

एकट्या ओमेश्वरीला हे कौतुक पटलं नव्हतं. तिचं म्हणणं साधं होतं. एका चाकाची सायकल चोर नेईल कायले आणि नेईल कशी? ती माहेरी गेली, मिलच्या रस्त्याने पायी निघाली आणि दिसेल त्या बाईला विचारत गेली. कालव्याजवळच्या तुलसाबाईच्या पडवीत सायकल उभी होती, पुढची बिनचाकाची टोकं विटेवर टेकवून. हँडलला लसणाच्या जुड्या टांगल्या होत्या. सायकल बंडीमागून सुटून रस्त्यात पडली तेव्हा तुलसाबाईने हिरालालजींना हाका मारमारून सांगितलं होतं. त्यांनी बरं हाय म्हटलं. मग बरंच असेल म्हणून तिने ती उचलून घरी ठेवली होती.

ओमेश्वरीने सायकल बंडीतून माहेरी आणली आणि खेमराजला चाक घेऊन यायला निरोप पाठवला. चाक बसलं. पण खेमराजचा त्या सायकलवरचा जीव उडाला होता. जी पूर्ण गेलीच नाही ती पूर्ण परत आली, यात आनंद तरी कसला मानायचा, हे त्याला कळेना. तेव्हा ओमेश्वरी म्हणाली, "तुमी नाही चालवत त मी चालवतो. मागून धरा फक्त."

बोदलकसाच्या बांधावर सकाळची वेळ होती. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला कापून झालेल्या धानाच्या खाचरांची रांग. ओमेश्वरीने पदर खोचला आणि सीटवर बसली. खेमराजने मागून सीट धरली आणि पडलीस तर माझ्याकडे पड, वगैरे सूचना द्यायला सुरुवात केली. सायकल दोनदा डगमगली. मग त्याच्या हातातून काहीतरी अलगद निसटलं, आणि ती सीट होती.

लहानपणी वडिलांच्या उंच सायकलवर ती दांडीखालून पाय घालून कैची चालवायची, हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याला त्या क्षणी समजलं, तेही तिने मागे न बघता ओरडून सांगितलं म्हणून. ती ताठ बसली होती. पाण्याच्या कडेने बसलेली बदकं तिच्या चाहुलीने उठली आणि थोडी पुढे जाऊन पुन्हा उतरली. लुगड्याचा काठ, बांधावरचं ऊन आणि फिरणारी दोन चाकं, सगळं एकदम लांब जात राहिलं. ती इमारत, ती साहेब मंडळी, इंद्रकुमारची ती वाक्यं, या सगळ्यांनी त्याला थक्क केलं होतं, पण त्यांच्यामागे असं धावावंसं वाटलं नव्हतं. तो धावला. मग पोटाला धरून भराभर चालला. मग नुसता चालला.

बांधाखाली एक ढिवर जाळं झटकत उभा होता. त्याने लांब गेलेल्या सायकलकडे बघितलं, धापा टाकणाऱ्या खेमराजकडे बघितलं.

"सायकल तुमची हाय?"

"हो."

"अन् बाई?"

"तीबी माहीच," खेमराज म्हणाला. त्याच्या आवाजात सायकल घेतल्या दिवशी होता त्यापेक्षा जास्त अभिमान होता.

ढिवराने जाळ्यातला एक मासा काढून टोपलीत टाकला आणि थोडा विचार करून विचारलं, "मंग तुमी पायी काऊन?"