माणिकमामांचा जिल्हा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी माणिकमामांचं नाव घेतो. आईवडील आहेतच. पण त्यांनी मला शाळेत घातलं. मेंदू दिला तो मामांनी. तोही प्लॅस्टरचा, पाच तुकडे होणारा आणि एका जागी रंग उडालेला.

माणिकमामा लातूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते; सारी पोरं त्यांना मामाच म्हणत. त्यांची एक खोड साऱ्या कॉलेजला माहीत होती. समोरचा माणूस चिडला, की ते त्याच्या कपाळाकडे बोट करून शांतपणे म्हणत, "मोंढ्यातून जाऊ द्या, साहेब." एकदा फुटलेल्या बरणीवरून प्राचार्य त्यांना बोलत होते. मामांनी त्यांनाही तेच सांगितलं आणि वर पुस्ती जोडली, "अजून कलेक्टरपतुर फाईल गेलेली न्हाई, सर. नुस्ता मुकादम वरडायलाय." प्राचार्य इतके गोंधळले, की पुढचं बोलायचंच विसरले.

मामा चौथी शिकलेले. ट्रे धुणं, बरण्या पुसणं, तास सुरू असताना दाराशी उभं राहणं हे त्यांचं काम. असं दाराशी उभं राहून त्यांनी वर्षानुवर्षं सरांचे तास ऐकले होते आणि माणसाचा पुढचा मेंदू, म्हणजे पुस्तकातला 'फोरब्रेन', कपाळापासून पार मागपर्यंतचा मोठा भाग, सगळा पाठ केला होता. फक्त इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर टिकत नसत. मग त्यांनी मेंदूचा एक जिल्हाच वसवला.

त्या जिल्ह्यात मी कसा शिरलो ते सांगतो. मी लोह्याजवळच्या खेड्यातला, घरातला पहिला मॅट्रिक. कॉलेजात आल्यावर पुस्तकं इंग्रजी निघाली. पुढच्या मेंदूच्या प्रकरणातली पहिली ओळ मी चार दिवस वाचत होतो. पाचव्या दिवशी पत्र्याची पेटी भरली आणि प्रयोगशाळेबाहेर, सरांना सांगून जावं म्हणून पेटीवरच बसलो.

"कुनीकडं निघालास, लेकरा?" मामांनी विचारलं.

लोह्याला चाललो म्हणालो. इंग्रजी कळत नाही म्हणालो.

"मला तरी कुठं कळतंय?" मामा म्हणाले. आत जाऊन त्यांनी तो प्लॅस्टरचा मेंदू आणला, मला पेटीवरून उठवलं आणि पेटीवरच त्याचे पाच तुकडे मांडले.

कपाळामागचा भाग म्हणजे कलेक्टर कचेरी. विचार, बेत, निर्णय, सबुरी सगळं तिथं. मधली मोठी खाच म्हणजे मांजरा नदी. नदीच्या अलीकडं हातपाय हलवायचे हुकूम निघतात, पलीकडं हातापायांच्या तक्रारी येतात. डावा-उजवा असे दोन भाग, त्यांना जोडणारा मोठा पूल. डाव्या भागाचा तहसीलदार उजवा हात हलवतो आणि उजव्याचा डावा. असं का, म्हणून विचारलं, तर मामा म्हणाले, "बदल्या होतात न्हवं?"

बघण्याचं काम डोक्याच्या पार मागच्या बाजूला चालतं, याचं मला फार नवल वाटलं. मामांना अजिबात वाटत नव्हतं. अर्ज पुढच्या खिडकीत द्यायचा आणि सही मागच्या खोलीत व्हायची, हा सरकारी रिवाजच आहे असं त्यांचं मत होतं.

थॅलॅमस म्हणजे मोंढा, आमच्याकडचा धान्याचा बाजार. डोळ्यांचा माल, कानांचा माल, कातडीचा माल, सगळा आधी मोंढ्यात उतरतो. तिथं पारख होते आणि मग ज्याचा त्याला पोचतो. त्याच्या खाली बोराएवढा हायपोथॅलॅमस. तो मुकादम. भूक, तहान, झोप, अंगातली उष्णता सगळं त्याच्या ताब्यात. "दिसायला एवढासा, पर त्यानं शिट्टी मारली की कलेक्टरला बी ताटावर बसावं लागतंय."

"अन् वास?" मी विचारलं.

मामा खूश झाले. वास हा एकच माल मोंढ्याला वळसा घालून, न विचारता थेट घरात शिरतो, असं त्यांनी सांगितलं. मग ते क्षणभर थांबले. "बहात्तरला दुष्काळी कामावर सुकडी वाटायचे, भाजल्या पिठाची, ग्वाड. तसला वास आला की मी आजबी पाझर तलावावर हुबा ऱ्हातो. मधी मोंढा न्हाई, काय न्हाई."

मी पेटी उचलून वसतिगृहावर परत गेलो.

त्या साली ऑगस्टात लातूर जिल्हा वेगळा झाला. गावात गुलाल उधळला गेला. मामांनी मात्र दुसऱ्या दिवशी मला बोलावून, मी त्यांचा जिल्हा उतरवून घेतला होता ती वही दुरुस्त करायला लावली. तोवर कपाळामागं 'उस्मानाबाद' लिहिलेलं होतं, कारण कलेक्टर तिथं बसत. ते खोडून 'लातूर' केलं. "इतकी सालं आपलं डोकं दुसऱ्याच्या गावात हुतं," मामा समाधानानं म्हणाले. "आता धडावर आलं."

रविवारी ते मला जेवायला नेत. गावाच्या कडेला पत्र्याची एक खोली. तिथं गयामामी. पहिल्याच दिवशी त्यांनी ताट वाढलं. माझं आडनाव विचारायला त्यांच्याकडं शब्द नव्हते आणि मामांना त्याची गरज नव्हती. मामींना एकच शब्द बोलता येई, 'हाव', म्हणजे हो. जेवलीस का? हाव. जेवली न्हाईस का? हाव. बहात्तरला पाझर तलावाच्या कामावर, भर उन्हात डोक्यावर पाटी असताना त्या कोसळल्या. उठल्या तेव्हा उजवा हात गेलेला आणि वाचा गेलेली. तो एक शब्द तेवढा मागे राहिला.

त्यामुळे त्या घरात दोघांचं बोलणं मामा एकटेच करत. आणि काय करत! "तुजी मामी म्हनायलीय, पोरगं वाळलंय." मामी काहीच म्हणालेल्या नसत. "आता म्हनायलीय, तुमीच सगळी चटनी खाल्ली, त्याला काय ठिवलं?" मग स्वतःच चिडून तिला उत्तर देत, तिच्या वतीनं उलट टोमणा मारत, थोडं भांडण होई आणि जेवण संपेपर्यंत समेटही होई. मामी डाव्या हातानं भाकरी वाढत हसत असत. मामा सकाळी डोळे उघडल्यापासून झोपेपर्यंत असेच बोलत, हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं. कॉलेजातली त्यांची बडबड सगळ्यांनाच ठाऊक होती; ती कुठून येते हे मला तेव्हा कळलं.

त्या प्लॅस्टरच्या मेंदूचा रंग एकाच जागी का उडाला होता तेही तेव्हाच कळलं. डावीकडं, कपाळाच्या मागच्या टोकाला, कानशिलाच्या जरा वर. बोलणं तिथून निघतं. पुसताना मामांचा अंगठा रोज तिथंच थांबत असे. दरवर्षी वर्गातल्या हुशार पोराला ते एक प्रश्न विचारत आणि पोरं हसून निघून जात. त्या जागेवर अंगठा ठेवून मलाही विचारला.

"ही हीर आटली, लेकरा, तर शेजारच्या हिरीला पानी लागतंय का?"

मी माहीत नाही म्हणालो, पण शोधून सांगतो असंही म्हणालो. कबूल करणारा मी पहिलाच असावा. मामांनी मेंदूचे पाचही तुकडे नीट जुळवून कपाटात ठेवले आणि त्या दिवशी मला वसतिगृहापर्यंत सोडायला आले, काही कारण नसताना.

एका रविवारी मी लवकर पोचलो. मामा रॉकेल आणायला गेले होते. दार लोटलेलं आणि आतून कोणीतरी हलक्या आवाजात गात होतं. भावाच्या गाडीला वाटेत उशीर झाल्याचं काहीतरी गाणं होतं, शब्द स्वच्छ. मी थबकलो. तेवढ्यात मागून मामा रांगेत झालेल्या भांडणाची हकिकत सांगतच आले आणि आवाज थांबला. आत मामी एकट्याच पीठ चाळत बसलेल्या. कोण गात होतं, मी विचारलं.

"शेजारीन आसंल," मामा म्हणाले. "शेजारीनच होती न्हवं, गया?"

"हाव," मामी म्हणाल्या.

तोंडी परीक्षेला औरंगाबादहून परीक्षक आले. माणूस निर्णय घेतो तो भाग कुठं असतो, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "आधी उस्मानाबादला होता, सर. आता लातूरला आला."

दाराशी ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मामांनी डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी चष्मा काढला. मग थॅलॅमसचं काम विचारलं. आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. मी मोंढा सांगितला, माल सांगितला, पारख सांगितली आणि शेवटी, वास सोडून, असं सांगितलं. 'वास सोडून' ऐकल्यावर परीक्षक पुढं वाकले. हे तुम्हाला कोणी शिकवलं, म्हणाले. मी दाराकडं बोट केलं. मामा ट्रे घेऊन पळाले होते.

मी पास झालो, पदवीधर झालो आणि लोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. मामांचा प्रश्न वहीत तसाच होता. एकदा नांदेडला एका डॉक्टरांकडं गेलो असताना तो त्यांना विचारला. त्यांनी हसून न घालवता कपाटातून एक जाड पुस्तक काढून दिलं. ते मी शब्दकोश घेऊन उन्हाळाभर वाचलं आणि मामांना पत्र लिहिलं. मामा बोट ठेवून वाचतात, म्हणून अक्षर बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांसारखं मोठं काढलं. ते असं:

ती. माणिकमामांना, सप्रेम जयभीम व नमस्कार.

तुमच्या प्रश्नाच्या उत्तराला उशीर झाला, माफ करा. बोलण्याची विहीर डाव्या बाजूला आहे, ती तुम्हाला माहीत आहे. पण गाण्याचं पाणी बरंचसं पुलापलीकडं, उजव्या बाजूला असतं, असं पुस्तकात आहे. ज्यांना साधं 'पाणी द्या' म्हणता येत नाही, ती माणसं कधी कधी अख्खं गाणं शब्दांसकट म्हणतात. डॉक्टर म्हणाले, हे खरं आहे. त्यातून बोलणं परत येईलच असं नाही, पण काहींना गात गात थोडं बोलता येतं. खोटी आशा तुम्हाला लावणार नाही, त्यांनी सांगितलं तेवढंच लिहितो.

मामा, तुम्ही रॉकेलला गेला होतात तो रविवार आठवा. ती शेजारीण नव्हती.

रागावू नका, पण रोज घरी गेल्यावर घटकाभर तुम्ही गप्प बसायचं. तुमच्या बोलण्यात मामींना जागाच सापडत नसेल. दारापाशी बसा, त्या पीठ चाळायला लागू द्या. जमलंच तर मागून हळूच सूर धरा, तुमचा आवाज कसा आहे ते मला माहीत आहे तरीही.

आणि त्यांना आधी विचारू नका. 'हाव' म्हणतील. नुसतं ऐका.

तुमचं लोह्याचं लेकरू